संमतीने घटस्फोट: वकिलाकडे जाण्याआधी आणि गेल्यावर

मागच्या पावसाळ्यात एक मुलगी आईला घेऊन माझ्या ऑफिसात आली. पर्समधून तिने प्लॅस्टिकच्या कव्हरात जपून ठेवलेला शंभराचा स्टॅम्प पेपर काढला. वर ठळक अक्षरांत 'सोडचिठ्ठी', खाली दोघांच्या सह्या, साक्षीदार म्हणून दोन्हीकडच्या मामांच्या सह्या आणि नोटरीचा गोल शिक्का. तीन वर्षांपूर्वी हा कागद करून दोघं आपापल्या वाटेने गेले होते. आता तिचं दुसरं लग्न ठरलं होतं, हॉलचा ॲडव्हान्सही देऊन झाला होता. पासपोर्टवरचं नवऱ्याचं नाव काढायला गेली, तेव्हा तिच्याकडे कोर्टाचा हुकूमनामा मागितला आणि ती माझ्याकडे आली. मी कागद वाचला आणि सांगितलं की कायद्याने तुझं पहिलं लग्न अजून तसंच आहे. आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण मॅडम, सह्या तर खऱ्या आहेत ना?"

सह्या खऱ्या होत्या, संमतीही खरी होती. पण हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न फक्त न्यायालय मोडू शकतं. नोटरी, पंच, जातीची बैठक किंवा पोलीस ठाण्यातला समझोता यांपैकी कुणालाही तो अधिकार नाही. काही समाजांत फारकतीची जुनी रूढी आहे आणि कायद्याच्या कलम २९(२) मध्ये तिला जागाही ठेवली आहे. मात्र ती रूढी आपल्या समाजात पूर्वापार चालत आली आहे हे पुराव्याने सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. तेवढ्या भरवशावर दुसऱ्या लग्नाचा मुहूर्त धरू नये. पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न रद्दबातल ठरतं, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

मी पुण्यात कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. भांडण नसलेला, दोघांनी मिळून मागितलेला घटस्फोट ज्यांना घ्यायचा आहे आणि ज्यांनी कोर्टाची पायरी कधी चढलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते, कारण सगळं त्यावरच उभं आहे. घटस्फोटाला दोघं तयार असणं वेगळं आणि अटींना तयार असणं वेगळं. "आमचं म्युच्युअल आहे" म्हणत येणारी बरीच जोडपी फक्त पहिल्याला तयार असतात. वकिलाची खरी गरज दुसऱ्यासाठी लागते, आणि तीही याचिका दाखल होण्याआधी.

आधी बघा: कायदा कोणता आणि वर्ष भरलं का

हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्या लग्नांना हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू होतो. त्यातलं कलम १३ब म्हणजे परस्पर संमतीचा घटस्फोट. १९७६ च्या दुरुस्तीने ते आलं. रजिस्टर पद्धतीने विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल तर कलम २८. पारशी विवाह कायद्यात ३२ब आहे. ख्रिश्चनांसाठी घटस्फोट कायद्याचं कलम १०अ आहे, तिथे वेगळं राहण्याचा काळ कायद्याच्या पुस्तकात दोन वर्षांचा लिहिलेला आहे. काही उच्च न्यायालयांनी त्यावर वेगळे निकाल दिले आहेत, तेव्हा वकिलाला तेवढं नेमकं विचारा. मुस्लिम जोडप्यांमध्ये दोघांच्या संमतीने मुबारात होतो. तो लेखी करून कौटुंबिक न्यायालयाकडून वैवाहिक दर्जाची घोषणा घेऊन ठेवली की पुढच्या सरकारी कामांत अडत नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा कौटुंबिक कायदा चालतो, त्यामुळे लग्नाची नोंद तिथली असेल तर तिथलाच वकील गाठा. पुढचं सगळं मी मुख्यतः कलम १३ब धरून लिहिते आहे.

अटी तीनच आहेत. किमान एक वर्ष दोघं वेगळे राहत आहेत, एकत्र नांदणं शक्य राहिलेलं नाही, आणि लग्न मोडावं यावर दोघांचं एकमत झालं आहे. कुणी चूक केली हे सिद्ध करावं लागत नाही. याचिकेत एकमेकांवर आरोप लिहायचे नसतात, आणि तुमचा वकील ते घालायला लागला तर तिथेच थांबवा.

'वेगळं राहणं' म्हणजे वेगळं घरच पाहिजे असं नाही. मुंबईत वन-बीएचकेत राहणारी कितीतरी जोडपी कर्जामुळे किंवा मुलाच्या शाळेमुळे एकाच छताखाली असतात, पण नवरा-बायको म्हणून राहत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच हे मान्य केलं आहे. अशा वेळी वेगळं राहणं कधीपासून सुरू झालं ती तारीख दोघांनी खरी आणि एकच सांगितली पाहिजे. वर्ष भरलं नसेल तर खोटी तारीख टाकू नका. ती प्रतिज्ञापत्रावर जाते, आणि पुढे कुणाचं मन फिरलं तर तीच तारीख तुमच्यावर उलटते.

मोडतानाही यादी करा

आपल्याकडे लग्न ठरलं की याद्या होतात. कुणी काय द्यायचं, मानपान, दागिने, जेवणावळ, सगळं दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसून कागदावर घेतात आणि त्यावर सह्या करतात. मोडतानाही तशीच यादी लागते, पण तिथे मात्र "आता काय लिहायचं, सुटलो म्हणजे झालं" असं म्हणून हात वर केले जातात. वकिलाकडे येण्याआधी दोघांनी शंभर पानी वही घ्या आणि बसा. बसवत नसेल तर दोघांचा विश्वास असलेलं एक माणूस मध्ये घ्या. एकच घ्या, चार आले की पंचायत होते.

पहिलं पान स्त्रीधनाचं. मंगळसूत्र, पाटल्या, तोडे, राणीहार, लग्नात माहेरकडून आणि सासरकडून तिला मिळालेलं सगळं, वजनासह. कुठली वस्तू कुणाच्या लॉकरमध्ये आहे तेही लिहा. स्त्रीधन तिचं असतं, ते देण्याला पोटगी म्हणत नाहीत. दागिने परत देऊन "एवढ्या लाखांची पोटगी दिली" असा हिशेब मांडणाऱ्यांना मी वहीचं पुढचं पान उलटायला सांगते.

दुसरं पान पोटगीचं. ती महिन्याची असू शकते किंवा एकरकमी, आणि कुणी मागत नसेल तर तसंही लिहिता येतं. एकरकमीला मी झुकते माप देते, कारण महिन्याची पोटगी थकली की पुन्हा वसुलीचा अर्ज, पुन्हा तारखा. आयकराच्या दृष्टीनेही दोन्हीत फरक पडतो. महिन्याची रक्कम उत्पन्नात धरली जाते, एकरकमी सहसा धरली जात नाही. रक्कम मोठी असेल तर आधी एखाद्या सीएला दाखवा. पैसे कधी द्यायचे हेही लिहा. माझा नेहमीचा सल्ला असा की एक भाग याचिका दाखल करताना द्यावा आणि उरलेला शेवटच्या तारखेला न्यायाधीशांसमोर डिमांड ड्राफ्टने. ड्राफ्टची मुदत तीनच महिने असते, म्हणून तो फार आधी काढून ठेवू नका.

तिसरं पान घराचं, आणि इथे लोक खूप पैसे घालवतात. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल आणि तो एकाकडे जायचा ठरला, तर नुसतं "फ्लॅट तिला" एवढं लिहून नोंदणी कार्यालयातली नावं बदलत नाहीत. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. नोंदणी फी आणि काही ठिकाणी स्थानिक अधिभार वेगळा लागतो. पण ही सवलत नवरा-बायकोच्या नात्याला आहे. हुकूमनामा झाल्यावर ते नातं उरत नाही, आणि मग बाजारभावावर पूर्ण शुल्क भरायची वेळ येऊ शकते. म्हणजे बक्षीसपत्र आधी व्हायला हवं. उलट बाजूने, फार आधी करून दिलं आणि समोरच्याने संमती मागे घेतली तर घरही गेलं आणि घटस्फोटही नाही. म्हणून शेवटच्या तारखेच्या अगदी आधीच्या दिवसांत करा आणि अटींमध्ये त्याचा दस्त क्रमांक लिहा. घरावर कर्ज असेल तर बँकेची लेखी परवानगी याच्याही आधी घ्या. बँकेला तुमच्या घटस्फोटाशी देणंघेणं नसतं, कर्जावर ज्यांची नावं आहेत त्या दोघांकडेही ती हप्ता मागू शकते.

चौथं पान मुलांचं, आणि खरं तर त्याला दहा पानं द्या. "ताबा आईकडे, वडिलांना भेटीचा हक्क" ही ओळ मी शेकडो याचिकांमध्ये वाचली आहे आणि याच ओळीवरून माणसं दोन वर्षांनी पुन्हा कोर्टात आलेली पाहिली आहेत. भेट कुठल्या शनिवारी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, घ्यायला कोण येणार, सोडायला कोण? दिवाळीची सुट्टी आधी कुणाकडे, मे महिना कसा वाटायचा? शाळेच्या पालक सभेला दोघांनी जायचं का? पासपोर्टच्या अर्जावर सही नाकारायची नाही, हेही लिहा. एका जोडप्याचं सगळं ठरलं, पैशांचंसुद्धा, आणि गाडी गणपतीवर अडली. दोन्ही घरी दीड दिवसाचा गणपती बसायचा. आठ वर्षांचा मुलगा आरतीला टाळ वाजवायचा, आणि तो टाळ आपल्याच घरी वाजावा असं दोघांनाही वाटत होतं. तासभर माझ्यासमोर रडारड झाली. शेवटी ठरलं की एका वर्षी गणपती वडिलांकडे आणि गौरी आईकडे, पुढच्या वर्षी उलट. ते मी तसंच्या तसं अटींमध्ये टाइप केलं.

मुलाचा खर्च आईच्या पोटगीत मिसळू नका. आईने स्वतःची पोटगी सोडली तरी मुलाचा पालनपोषणाचा हक्क तिला परस्पर सोडून देता येत नाही, तो मुलाचा आहे. शाळेची फी, मेडिक्लेम, क्लास, पुढचं शिक्षण असं वेगवेगळं लिहा आणि रक्कम दरवर्षी किती टक्के वाढेल तेही ठरवा. ताब्याबद्दलच्या अटी पुढे परिस्थिती बदलली तर कोर्टाकडून बदलून घेता येतात, त्यामुळे "आता कायमचं अडकलो" ही भीती नको.

ही वही भरताना घाम फुटला आणि चार पानंही एकमताने भरली नाहीत, तर तुमचा घटस्फोट अजून संमतीचा झालेला नाही. मग मध्यस्थी केंद्रात जा. तेही कोर्टाच्या आवारात असतं, आणि प्रशिक्षित मध्यस्थ दोन-तीन बैठकांत पुष्कळ गाठी सोडवतात.

इथे एक गोष्ट, जी वाचून कुणाला तरी उपयोग होईल. घरात मारहाण असेल, धमकी असेल, "सही कर नाहीतर मुलगा दिसणार नाही" असं कुणी म्हणत असेल, तर ती संमती नाही. सही करण्याआधी १८१ या महिला हेल्पलाइनला किंवा १५१०० या विधी सेवेच्या क्रमांकावर फोन करा.

वकील शोधताना

कौटुंबिक न्यायालयात वकील लावलाच पाहिजे असा नियम नाही. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात उलट असं आहे की पक्षकाराने स्वतः बोलावं आणि वकिलासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी. व्यवहारात ती परवानगी मिळते. मूल नाही, मालमत्ता नाही, देणंघेणं नाही अशी जोडपी स्वतः याचिका दाखल करू शकतात. बाकीच्यांनी वकील घ्यावा, तो निदान अटी लिहिण्यापुरता तरी.

पैशांची अडचण असेल तर आधी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग व्यक्ती, औद्योगिक कामगार यांनाही मिळतो, आणि महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असलेल्या कुणालाही. आधार कार्ड, लग्नाचा पुरावा आणि उत्पन्नाच्या निकषावर येत असाल तर उत्पन्नाचा दाखला घेऊन साधा अर्ज भरायचा. "फुकटचा वकील काय काम करणार" असं ऐकू येईल. या पॅनेलवर जीव ओतून काम करणारे वकील मी रोज बघते. तुम्हाला दिलेला वकील लक्ष देत नसेल तर तिथेच लेखी अर्ज देऊन बदलून मागता येतो.

खासगी वकील घेत असाल तर ओळखीतल्या, यातून गेलेल्या माणसाला विचारा. वकिलांना जाहिरात करायला आणि गिऱ्हाईक ओढायला बार कौन्सिलची बंदी आहे. त्यामुळे कोर्टाच्या गेटवर "घटस्फोट का? या, करून देतो" म्हणणारा माणूस आणि "सात दिवसांत घटस्फोट" असं पॅकेज विकणारी मंडळी यांच्यापासून दूर राहा. पोटगीच्या रकमेत टक्केवारी मागणाऱ्या वकिलापासूनही. निकालातून मिळणाऱ्या पैशांत वाटा घेणं नियमांत बसत नाही. समोरच्याची सनद (वकिलीचा परवाना) बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची आहे का, हे विचारायला लाजू नका. ज्याची सनद आहे त्याला राग येणार नाही.

फी ठरवताना चार गोष्टी विचारा. पूर्ण कामाची एक रक्कम की तारखेवारी? त्यात टायपिंग, नोटरी, नकला धरल्या आहेत का? प्रत्येक तारखेला तुम्ही स्वतः येणार की ज्युनिअर? समोरच्याने संमती मागे घेतली तर पुढची फी काय? उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून घेतली तरी चालेल, पण लिहून घ्या, आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्या.

दोघांचा मिळून एकच वकील चालतो का, हा प्रश्न रोजचा आहे. याचिका एकत्र असते, एकच वकील ती लिहितो आणि दोघांना उभं करतो, असं सर्रास होतं. मी स्वतः ते करते, पण एका अटीवर: सही करण्याआधी दुसऱ्या पक्षाने तो मसुदा दुसऱ्या एखाद्या वकिलाला एकदा दाखवून आणायचा. ज्याने फी दिली त्याच्या बाजूने वाक्यं नकळत झुकतात. मालमत्ता किंवा मूल असेल तर दोघांचे दोन वकील घ्या. थोडा खर्च वाढेल, पण पुढच्या पाच वर्षांची झोप वाचेल.

याचिका आणि कागद

दाखल कुठे करायची? लग्न जिथे झालं, दोघं शेवटचं एकत्र जिथे राहिलात किंवा पत्नी आता जिथे राहते, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या न्यायालयात. ज्या ठिकाणी कौटुंबिक न्यायालय नाही तिथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात. पत्नी माहेरी साताऱ्याला आणि नवरा पुण्यात असेल तर मी सहसा तिच्या सोयीचं ठिकाण सुचवते. बाळ कडेवर घेऊन एसटीने तारखेला येणं काय असतं ते मी पाहिलं आहे.

कागदांचा बाऊ करू नका. लग्नाचा नोंदणी दाखला असेल तर उत्तम. नसेल तर लग्नपत्रिका, लग्नातला दोघांचा फोटो आणि प्रतिज्ञापत्र चालतं. दोघांचे आधार, पॅन, सध्याच्या पत्त्याचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले, पासपोर्ट साइझ फोटो. मालमत्तेचे कागद आणि ठरलेल्या अटींचा करार, ज्याला कोर्टात सगळे 'कन्सेंट टर्म्स' म्हणतात. सगळ्याचे तीन संच काढा, एक स्वतःजवळ ठेवा. मूळ कागद वकिलाकडे कायमचे ठेवू नका, दाखवून परत घ्या.

मसुदा मराठीत मागा. कोर्टाची भाषा मराठी आहे आणि तुम्ही ज्यावर सही करता ते तुम्हाला कळलं पाहिजे. इंग्रजीत केला असेल तर ओळ न् ओळ समजावून घ्या. नावं, तारखा, दागिन्यांची वजनं, खाते क्रमांक स्वतः बोट ठेवून तपासा. एका याचिकेत मुलाचं जन्मवर्ष चुकलं होतं. ती दुरुस्ती करायला दोन तारखा गेल्या.

दाखल झाल्यावर सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर मिळतो. तो ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते. वकिलाला रोज फोन करायची गरज उरत नाही.

समुपदेशक आणि सहा महिने

पहिल्या तारखांपैकी एक विवाह समुपदेशकाकडे असते. बरेच जण तिथे परीक्षेला गेल्यासारखे ताठ बसतात. समुपदेशक न्यायालयाच्या असतात, त्यांना फी द्यावी लागत नाही, आणि तिथलं बोलणं गोपनीय असतं. त्या दोघांना एकत्र आणि वेगवेगळं विचारतात: खरंच ठरलंय का, कुणाचा दबाव आहे का, मुलांचं काय? वकील त्या खोलीत नसतो. तुम्हाला काही सांगायचं राहिलं असेल तर सांगायची हीच जागा.

मग कायद्याने थांबायचा काळ. याचिका दाखल झाल्यापासून सहा महिने झाल्याशिवाय हुकूमनामा नाही, आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन तो मागायचा. दिल्लीकडचे लोक 'फर्स्ट मोशन, सेकंड मोशन' म्हणतात. आपल्याकडे एकच याचिका चालते आणि सहा महिन्यांनी पुढे घेतली जाते, तेव्हा इंटरनेटवर वाचून "आमची दुसरी केस कधी दाखल करायची" असं विचारू नका.

हे सहा महिने माफ होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०१७ च्या निकालात सांगितलं की ही अट न्यायालय शिथिल करू शकतं. त्यासाठी याचिकेच्या आधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालेलं असावं, समेटाचे सगळे प्रयत्न संपलेले असावेत, पोटगी आणि मुलांचा ताबा यांसह सगळं खऱ्या अर्थाने मिटलेलं असावं आणि थांबण्याने फक्त त्रास लांबणार असावा. याचिकेनंतर एका आठवड्याने माफीचा अर्ज करता येतो. वर सांगितलेली वही इथे कामाला येते, कारण सगळं मिटलंय हे न्यायाधीशांना त्या कागदांवरूनच दिसतं. मंजूर करणं न्यायालयाच्या हातात आहे, म्हणून "महिन्यात करून देतो" अशी हमी कुणी दिली तर विश्वास ठेवू नका. सर्वोच्च न्यायालय न थांबता थेट घटस्फोट देऊ शकतं असं सांगणाऱ्या १ मे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालाचं नाव घेऊनही लोक येतात. तो राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खालचा सर्वोच्च न्यायालयाचा स्वतःचा अधिकार आहे, तो कौटुंबिक न्यायालयाला वापरता येत नाही.

हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. मग ही याचिका संपते, आणि ज्याला घटस्फोट हवा आहे त्याला क्रूरता, परित्याग अशा कारणांवर वेगळी लढाई सुरू करावी लागते. पैसे टप्प्याटप्प्याने द्या असं मी का म्हणते ते इथे लक्षात येईल.

पोलीस केस असेल तर

सासरच्या छळाची, म्हणजे ४९८अ ची तक्रार (आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) आधी झाली असेल तर घटस्फोट झाल्याने ती आपोआप संपत नाही. ती दोघांच्या समझोत्याने खालच्या कोर्टात मिटवता येत नाही, उच्च न्यायालयात जाऊन रद्द करून घ्यावी लागते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरबरोबर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाही सर्किट बेंच आहे, त्यामुळे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गकरांची मुंबईची खेप वाचली. अटींमध्ये लिहा की तक्रारदार ना-हरकत प्रतिज्ञापत्र कधी देईल आणि पैशांचा कुठला हप्ता त्याला जोडलेला आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे आणि पोटगीचे अर्ज त्या त्या कोर्टातून मागे घ्यायचे असतात. त्यांचे नंबर एकेक करून अटींमध्ये टाका.

एक जण परदेशात असेल तर

आई-वडील किंवा भाऊ यांच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून याचिका दाखल करता येते. ते तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून किंवा अपोस्टील (तिथल्या सरकारचं प्रमाणीकरण) करून पाठवा, आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरा. हे विसरतात आणि ऐन तारखेला कागद अडतो. समुपदेशन आणि जबाब व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर घ्यायला मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्येच मान्यता दिली आहे. तिकडच्या कोर्टातून घटस्फोट घेणार असाल तर दोघांनी तिथे हजर होऊन संमती दिलेली असली पाहिजे. एकाने परस्पर आणलेला तिकडचा हुकूमनामा इथे बहुधा टिकत नाही.

शेवटची तारीख आणि नंतर

सकाळी साडेदहाला या, मोबाइल बंद ठेवा. बोर्डावर आपला नंबर बघा आणि दालनाच्या जवळपास थांबा, कारण पट्टेवाला पुकारा करतो तेव्हा चहाला गेलेला माणूस संपूर्ण दिवस घालवून बसतो. मूळ ओळखपत्र जवळ हवं. दोघांची पुराव्याची प्रतिज्ञापत्रं दाखल होतात. मग न्यायाधीश एकेकाला विचारतात: हे स्वतःच्या मर्जीने करताय का, कुणी जबरदस्ती केली आहे का, अटी वाचल्या आहेत का, पैसे मिळाले का? उत्तर स्वतःच्या शब्दांत, मोठ्याने द्या. ड्राफ्ट तिथेच हातात दिला जातो आणि रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत) त्याचा नंबर लिहिला जातो. सगळं मिळून दहा मिनिटं लागतात. बाहेर आल्यावर कित्येकांचे पाय थरथरतात, एकमेकांवर राग नसतो तरीही. म्हणून बरोबर कुणाला तरी घेऊन या.

त्याच आठवड्यात नकलेचा अर्ज करा. सही-शिक्क्याच्या निदान चार प्रती घ्या आणि त्या लॅमिनेट करू नका, पासपोर्ट कार्यालयात आणि बँकेत शिक्का नीट दिसावा लागतो. संमतीच्या हुकूमनाम्यावर कौटुंबिक न्यायालय कायद्याखाली अपील नाही. तरीही दुसरं लग्न करायचं असेल तर हिंदू विवाह कायद्यातली अपिलाची ९० दिवसांची मुदत जाऊ द्या असं मी सांगते, म्हणजे पुढे कुणी बोट दाखवायला नको.

मग नावं बदलायची कामं. माहेरचं नाव पुन्हा लावायचं असेल तर राज्याच्या राजपत्रात नावबदलाची नोंद करून घ्या, मग आधार, पॅन, बँक त्या क्रमाने. रेशन कार्डावरून नाव कमी करून नव्या कार्डावर चढवा. आणि एक काम सगळेच विसरतात: प्रॉव्हिडंट फंड, विमा, मुदत ठेवी, डिमॅट खातं, सोसायटीचा शेअर दाखला, या सगळ्यांवर नॉमिनी म्हणून अजून जुनंच नाव असतं. त्या मुलीचं, जिची सोडचिठ्ठी वर सांगितली, लग्न आम्ही आठ महिने पुढे ढकललं आणि रीतसर हुकूमनामा घेतला. नक्कल हातात पडली त्या दिवशी मी तिला तिथेच बाकावर बसवलं आणि मोबाइलवर तिच्या प्रॉव्हिडंट फंडाचं खातं उघडायला लावलं. नॉमिनीच्या रकान्यात पहिल्या नवऱ्याचं नाव होतं. तिने आईकडे बघितलं, आईचा आधार नंबर विचारला आणि टाइप करायला लागली.